धुरपदाचं मचाण

बोरखळीत माझ्यासारखा गोफण मारणारा आजवर झाला नाही आणि पुढं होणार नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. खोटं वाटत असेल तर सरपंचांना विचारा. गेल्या हंगामात मी भोरड्यांच्या थव्यावर नेम धरला, गोफण डोक्यावर गरागरा फिरवली, सोडली, आणि दगड गेला तो माझ्या पाठीमागं उभ्या असलेल्या सरपंचांच्या मोटारसायकलच्या आरशावर. भोरड्या कणसं खात राहिल्या. त्यातली एक तर मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून गोफण खुंटीला टांगली आणि तोंड चालवायला घेतलं. तोंडाचा नेम चुकला तर निदान आरसा फुटत नाही.

तर ऐका. पोरांनी ऐका, म्हाताऱ्यांनी ऐका, आणि मधल्या वयाचे जे मोबाइलमध्ये नाक घालून बसलेत त्यांनी एक कान तेवढा मोकळा ठेवा. ही गोष्ट राखणीची आहे. राखण कशाला म्हणतात हे शाळेत शिकवतात की नाही मला ठाऊक नाही. मी चौथीपर्यंतच होतो, तिथवर तरी तो धडा आला नव्हता.

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा सीना नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं (हसू नका, असायचं!) आणि बोरखळीतली माणसं आजच्यापेक्षा थोडं कमी खोटं बोलायची, तेव्हा या गावात धुरपदा नावाची बाई होती. ढोबळ्यांची थोरली सून. तिचं शेत गावाच्या अगदी टोकाला, नदीला लागून. त्याच्या पलीकडं नदी, नदीच्या पलीकडं मुलूख कुणाचा ते रोज सकाळी बदलायचं. आज या सरदाराचा, उद्या त्या सरदाराचा, आणि मधल्या वेळात लुटारूंचा.

त्या शेतात शाळू व्हायचा. शाळू म्हणजे हिवाळ्यातली ज्वारी, टप्पोरी, मोत्यासारखी. कणसात दूध भरलं की कुठून कुठून भोरड्या यायच्या. आभाळ काळं करून उतरायच्या, आणि उठल्या की मागं नुसतं चिपाड राहायचं. म्हणून प्रत्येक शेतात चार मेढी रोवून मचाण उभं करायचं, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत घरच्या माणसानं त्यावर गोफण घेऊन उभं राहायचं.

धुरपदाची गोफण अंबाडीच्या दोराची होती, तिनं स्वतः विणलेली. ती फिरवायला लागली की वाऱ्याला घोंगावा यायचा आणि सोडली की बंदुकीसारखा आवाज निघायचा. पण गंमत बघा, तिचा दगड कधीच पाखराला लागायचा नाही. पाखराच्या पुढं हातभर पडायचा. पाखरू दचकायचं, उडायचं, झालं. गावातली टवाळ माणसं (आमच्या गावात ती तेव्हाही होती, जात जुनी आहे) खालून ओरडायची, ‘धुरपदे, नेम शिकून ये जरा माहेरी जाऊन!’ ती वरून म्हणायची, ‘मला पाखरं मारायची न्हाईत, कणसं राखायचीत. दोन्ही कामं येगळी हायेत.’

आणि नदीकडच्या कडेला, बांधाच्या पल्याड, एक पट्टा ती राखायचीच नाही. तिथं भोरड्यांनी खुशाल खावं. ‘हा तुमचा, तो माझा,’ असं ती पाखरांना मोठ्यानं सांगायची. आणि पाखरं ऐकायची, असं म्हणतात. आता पाखरांनी ऐकलं यात नवल नाही. नवल पुढं आहे, कारण माणसं ऐकत नव्हती.

धुरपदाचा नवरा म्हाळू एका तापात गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली ती, ते शेत आणि धाकटा दीर सटवाजी. हा सटवाजी आमच्या घराण्याचा मूळपुरुष. लोक म्हणतात त्याचं नाक माझ्यासारखं होतं. मी म्हणतो माझं त्याच्यासारखं आहे, दोष आधी त्याला जातो.

सटवाजीला ते शेत हवं होतं. पण घ्यायचं कसं? गावाचा एक रिवाज होता. कणसं भरात असताना ज्याचं मचाण दिवसाउजेडी रिकामं सापडेल, त्याची पाखरं शेजारच्या शेतात शिरणार. म्हणून शेजाऱ्यानं ते मचाण चढून धरावं, आणि मग ते पीकही त्याचं, पुढची पेरणीही त्याचीच. एकदा पेरणी हातची गेली की जमीन गेलीच समजा. आणि धुरपदाचा शेजारी कोण? सटवाजीच. म्हणजे तिनं हंगामात फक्त एकदा खाली उतरायचा अवकाश, की तिचं शेत गेलं.

सटवाजी बांधावर आला. म्हणाला, ‘वैनी, खाली उतर. एकट्या बाईनं किती राखण करायची?’

धुरपदा म्हणाली, ‘मी उतरले तर वर कोण चढंल, भावजी? तुमाला तर बैलगाडीतनं उतरताना घेरी येती.’

हे खरं होतं. सटवाजीला उंचीचं भ्या. तो माळवदावर वाळवण घालायलासुद्धा बायकोला पाठवायचा. पण वहिनीनं असं तोंडावर म्हटल्यावर त्याला राग आला, आणि रागाच्या भरात त्यानं बांधावरून एक पाय तिच्या शेतात टाकला. सट्ट! दगड त्याच्या अंगठ्यापुढं हातभर येऊन रुतला. धूळ उडून मिशीत गेली.

‘पाय मागं घ्या, भावजी,’ धुरपदा वरून म्हणाली, अगदी गोड आवाजात. ‘बांधाच्या पल्याड हुबं ऱ्हाऊन काय वाटंल ते बोला. मी कान देऊन ऐकीन.’

सटवाजीनं पाय मागं घेतला. मिशीतली धूळ झटकली.

मग तो घरी गेला आणि सुताराकडून शिडी करून घेतली. साधी नव्हे, दोन्ही बाजूंना कठडा असलेली. सुतार बिचारा जन्मात पहिल्यांदाच कठड्याची शिडी करत होता. त्यानं विचारलं, ‘पाटावर बसून वर जाणार का काय, सटवाजीराव?’ पण शिडी झाली. आता धुरपदा खाली उतरली की सटवाजी वर चढणार, हे नक्की झालं.

धुरपदा उतरेना. दिवस मचाणावर, रात्री पाखरं झोपली की तेवढी खाली यायची आणि उजाडायच्या आत पुन्हा वर. सटवाजीनं निरोप पाठवला, तुझी आई आजारी आहे. धुरपदानं वरून बघितलं आणि म्हणाली, ‘आईचं गाव मला हितनं दिसतं. ती दारात बसून तांदूळ निवडतीय.’ ते गाव दोन डोंगरांपलीकडं होतं. पण धुरपदाची नजर राखणीनं इतकी लांब झाली होती की डोंगर तिला आडवे येत नसत, असं म्हणतात. म्हणतात हं. मी नव्हतो.

शेवटी सटवाजीनं असा डाव टाकला की त्याला पाचवी पास म्हणायला हवं. भावाचं वर्षश्राद्ध काढलं. मारुतीच्या देवळापुढं गावजेवण. आमटीचा हंडा, खिरीची कढई, पत्रावळींची चळत. आणि गावाला सांगितलं, ‘माझ्या भावाचं जेवण हाय. त्या दिवशी समद्यांनीच मचाणं सोडा. समदेच उतरले तर कोन कुणाचं मचाण धरणार?’ गाव भोळं, शिवाय भुकेलं. सगळे निघाले. शेतातल्या बाया निघाल्या, वेशीवरचे राखणदार निघाले, वेस सताड उघडी. कुत्रीसुद्धा पंगतीच्या कडेला जाऊन बसली.

धुरपदाकडं निरोप गेला. ‘नवऱ्याचं जेवण. तू न्हाई आलीस तर लोक काय म्हणतील?’

आता ही गोष्ट जिव्हारी लागणारी होती. धुरपदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मचाणावर उभी राहिली, शेताकडं बघितलं, गावाकडं बघितलं. मग म्हणाली, ‘ज्याच्या नावाचं जेवण हाय, त्याचंच शेत राखतीय. माझी पत्रावळ मांडून ठिवा. दिवस मावळला की येईन.’

निरोप ऐकून पंगतीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, गर्विष्ठ आहे. कुणी म्हणालं, नवऱ्यापेक्षा जोंधळा प्यारा. सटवाजी वाढता वाढता मान हलवत होता, दुःखानं. डोळे मात्र शिडीकडं.

आणि नेमक्या त्याच दुपारी नदीपलीकडं तुरेवाला येऊन थांबला होता.

तुरेवाला म्हणजे पेंढाऱ्यांचा म्होरक्या. पगडीला मोराच्या पिसांचा असा तुरा की तो दिसला तरी आया पोरांना कणगीत लपवायच्या. त्यानं किती गावं धुवून नेली याचा हिशेब त्याच्याकडंही नव्हता. बोरखळीत गावजेवण आहे, वेस उघडी आहे, शेतं रिकामी आहेत, ही बातमी त्याला आधीच पोचली होती. सटवाजीनं दवंडीच अशी पिटली होती की नदीलाही ऐकू जावी. वहिनीला खाली उतरवायला त्यानं सारं गावच खाली उतरवून ठेवलं, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

घोडे पाण्यात उतरले. खुरांना चिंध्या बांधल्या होत्या, आवाज नाही. पण नदीकडच्या पट्ट्यात भोरड्या चरत होत्या ना, ज्यांना धुरपदा कधी हाकलत नव्हती? त्या एकदम उठल्या. धुरपदानं गोफणीला हात लावला नव्हता आणि पाखरं उठली. तिनं वळून बघितलं. शाळूच्या ताटांपलीकडं मोरपिसं हलताना दिसली.

आता बघा तिची अडचण. धावत गावात जाऊन सांगावं तर मचाण रिकामं पडणार, शेत जाणार. न सांगावं तर गाव जाणार. आणि हाक मारून ऐकू जाईल इतकं गाव जवळ नव्हतं. तुम्ही असता तर काय केलं असतं? विचार करू नका, तुम्ही पंगतीत असता.

धुरपदानं गोटा घेतला, गावाकडं तोंड केलं आणि गोफण फिरवली. तिनं इतक्या जोरात फिरवली की शाळूची ताटं वर्तुळात आडवी झाली, असं म्हणतात. दगड सुटला. शेतांवरून गेला, ओढ्यावरून गेला, वेशीतून आत गेला (उघडीच होती) आणि येऊन आदळला आमटीच्या हंड्यावर. ठण्ण! आमटी सटवाजीच्या धोतरावर.

‘बघा!’ सटवाजी किंचाळला. ‘भावाच्या जेवणावर दगड मारती! बघा समद्यांनी!’

त्यानं पळी टाकली, शिडी खांद्यावर घेतली आणि तावातावानं एकटाच शेताकडं निघाला. आज तिला उतरवतोच म्हणाला. इकडं दुसरा दगड आला आणि देवळाच्या घंटेवर बसला. घंटा अशी वाजली की मारुतीरायानं डोळे उघडले, असं म्हणतात.

पंगतीत आवडाक्का नावाची म्हातारी सुईण होती. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. ती पत्रावळ सोडून ताडकन उठली. म्हणाली, ‘आरं गिळताय काय! धुरपदाचा दगड आजवर कशाला तरी लागलाय का? चिमणीला न्हाई लागला. आज हंड्याला लागला, घंटेला लागला. उठा! नदीकडनं काय तरी आलंय!’

हे बोलणं गावाच्या डोक्यात एकदम शिरलं. पुरुष वेशीकडं धावले, दार लोटलं, अडसर घातला. पण बाया? त्या गावात थांबल्या नाहीत. अडसर पडायच्या आत त्या बाहेर होत्या. खरकट्या हातांनी शेतांत घुसल्या आणि जिच्या तिच्या मचाणावर चढल्या. बोरखळीच्या बायांनी पदर खोचला आणि गोफणी फिरायला लागल्या. सगळ्या रानातून एकाच वेळी असा कडकडाट उठला की नदीपलीकडच्या गावांना वाटलं, बोरखळीत तोफखाना आला.

दगड पडायला लागले. एकही घोड्याला लागला नाही, एकही माणसाला लागला नाही. प्रत्येक दगड घोड्याच्या खुरापुढं हातभर. पुढं पाऊल टाकायला जागाच नाही! घोडे मागच्या पायांवर उभे राहिले. कुणी डावीकडं वळलं, तिकडं दगड. उजवीकडं वळलं, तिकडं दगड. फक्त मागं, नदीकडं, एकही दगड नाही. एका बाईनं तिकडंही गोफण वळवली तेव्हा धुरपदा ओरडली, ‘तिकडं नगं गं! जायला वाट ठिव. पाखराला उडायला जागा न्हाई दिली तर ते पिकातच बसंल!’

पेंढारी मुकाट त्या मोकळ्या वाटेनं मागं सरकायला लागले. पण तुरेवाला सरकला नाही. त्याच्या हाती शिकार लागली होती. कोण? दुसरं कोण असणार! शिडी खांद्यावर घेऊन तावातावानं आलेला आमचा मूळपुरुष, रागात इकडंतिकडं न बघता, थेट पेंढाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. ‘बाजूला व्हा, मला वहिनीकडं जायचंय,’ असंही त्यांना म्हणाला, असं म्हणतात.

तुरेवाल्यानं त्याला उचलून घोड्यावर आडवा टाकला, गळ्याला भाला लावला आणि बांधापाशी आला. ‘ए बाई! गोफण टाक आनि खाली उतर. न्हाईतर हा तुझा माणूस गेला!’

गोफणी थांबल्या. सगळ्या बाया धुरपदाकडं बघायला लागल्या. ती उतरली तर मचाण गेलं, शेत गेलं, आणि टोकाचं मचाण गेलं की मागची सगळी रांग उघडी पडणार. नाही उतरली तर सटवाजी जाणार. आणि सटवाजी गेला तर, खरं बोलायचं तर, तिचं शेत कायमचं तिचं होणार होतं. हातही न हलवता.

घोड्यावर आडव्या पडलेल्या सटवाजीनं डोळे उघडले. घेरी येत होती, तरी त्यानं मान वर केली. एवढ्या उंचावरून त्यानं रान कधी बघितलंच नव्हतं. उभा शाळू, मचाणांवरच्या बाया, त्यांच्या मागं गाव, देवळापुढं सांडलेली आमटी. आणि तो जन्मात पहिल्यांदा उलटं बोलला.

‘वैनी, उतरू नको!’

निदान आमच्या घरात तरी असं सांगतात. गावात सांगतात की तो नुसता शिंकला. दोन्हींतलं तुम्हाला परवडेल ते घ्या.

धुरपदानं गोफण फिरवली. दगड सटवाजीच्या कानावरून गेला, भाल्याच्या दांड्याला लागला आणि भाला दोन तुकडे होऊन खाली पडला. तुरेवाला तलवारीला हात घालतो तोवर दुसरा दगड आला आणि त्याचा मोरपिसांचा तुरा पगडीसकट अलगद उचलून नदीत घेऊन गेला. पिसं पाण्यावरून वाहत गेली. तुरेवाला बोडका झाला. आणि बोडका झाल्यावर कळलं की तो साधासुधा माणूस आहे, जरा टक्कल पडलेला.

त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि वर बघून विचारलं, ‘येवढा नेम हाय, तर मला का न्हाई मारलंस?’

धुरपदा म्हणाली, ‘तू अजून माझ्या शेतात आलायस कुठं? बांधाच्या पल्याड हायेस. दिराला ठिव खाली आनि जा. न्हाईतर घोड्याचा एक पाय आत टाक, मग बघू.’

तुरेवाल्यानं घोड्याच्या खुराकडं बघितलं. बांधाकडं बघितलं. मचाणावरच्या गोफणीकडं बघितलं. सटवाजीला हळूच उतरवला, शिडीही त्याच्या हातात परत दिली आणि घोडा वळवला. तो पुन्हा सीनेच्या या काठाला आला नाही. पुढं कुठंतरी मोरपिसांचे पंखे विकत बसायचा, असं म्हणतात. हे मात्र मीच म्हणतो.

गावानं त्या दिवशी जो जल्लोष केला तो केला! ढोल आणले, हलग्या आणल्या. आमटी सांडली होती, पण खीर शाबूत होती. सगळं गाव पत्रावळी घेऊन शेतात आलं आणि धुरपदाच्या बांधाला लागून पंगत बसली. तिला खाली उतरायला लावलं नाही. तिची पत्रावळ वर गेली. नेली कुणी? सटवाजीनं. त्याच कठड्याच्या शिडीवरून, डोळे मिटून, एका हातात खीर घेऊन. निम्मी खीर वाटेत सांडली.

वर पोचल्यावर त्यानं विचारलं, ‘वैनी, मला का वाचवलंस?’

धुरपदा खीर खात म्हणाली, ‘किडकं कणीस राखणीतनं वगळत न्हाईत, भावजी. आता जपून उतरा.’

ही बातमी त्या वेळच्या सरदाराच्या कानावर गेली. तो हत्ती घेऊन आला. म्हणाला, ‘बाई, माझ्या फौजेत चल. शेजारचा किल्ला घ्यायचाय. तू आणि तुझ्या बाया पुढं उभ्या राहा, किल्ला दुपारपर्यंत माझा.’

धुरपदानं विचारलं, ‘किल्लेवाल्यानं तुमचं काय नेलंय?’

सरदार म्हणाला, ‘अजून काही नाही.’

‘मग माझी गोफण तिथं चालायची न्हाई, सरकार. ही माझ्या बांधावरनंच चालती. दुसऱ्याच्या शेतात जाऊन फिरवली तर ही गोफण ऱ्हायची न्हाई आनि मी तुरेवाली हुईन.’

सरदाराच्या माणसांनी तलवारी उपसल्या. सरदारानं हात वर केला. म्हणाला, ‘राज्य माझं आहे, ठाऊक आहे ना?’

‘राज्य तुमचंच. त्याच्यावर कुणी चालून आलं तर सांगावा धाडा. नदीच्या काठाला मी आनि माझ्या बाया हुब्या असू. पर आधी तेवढा हत्ती बांधाबाहेर घ्या. शाळू मोडतोय.’

सरदारानं खाली बघितलं. हत्तीचा पुढचा पाय खरंच आत होता. त्यानं हत्ती मागं घेतला. एवढा मोठा सरदार, त्यानं हत्ती मागं घेतला! आणि तो जिवंत होता तोवर त्याच्या फौजेनं उभ्या पिकातून घोडा घातला नाही, आणि शेजारचा किल्ला शेजाऱ्याकडंच राहिला, असं म्हणतात.

धुरपदा पुष्कळ वर्षं जगली. पण ती मेली असं कुणी सांगत नाही. एका हंगामात शाळू निघाला, रान मोकळं झालं, सगळी मचाणं उतरवली. तिचं मचाण उतरवायला माणसं गेली तेव्हा वर कुणीच नव्हतं. नुसती गोफण ठेवलेली, आणि चारही मेढींना पालवी फुटलेली. वाळक्या मेढी, वर्षानुवर्षं जमिनीत रोवलेल्या, त्यांना पानं! त्याच आजची उंबराची चार झाडं. त्यांच्या फांद्यांमध्ये आम्ही अजून दर वर्षी मचाण बांधतो. शहाणी माणसं म्हणतात की ओल्या उंबराची मेढ रोवली तर ती फुटायचीच. असतील शहाणी. त्यांना खीर देत नाही आम्ही.

आजही बोरखळीत कणसात दूध भरलं की नदीकडचा पट्टा पाखरांना सोडतात. आजही कुणाच्या घरी जेवण असलं तरी टोकाचं मचाण रिकामं ठेवत नाहीत. तिथल्या माणसाची पत्रावळ वर जाते, आणि ती पोचल्याशिवाय खाली कुणी घास घेत नाही. बांधावरून भांडण झालं तर दोघांना त्या उंबरांखाली आणतात आणि आपापल्या बाजूला उभं करतात. निम्मी भांडणं तिथंच मिटतात, कारण वरून बाई बघत असते.

आणि गावातलं कुणी फौजेत निघालं, पोरगं असो की आता पोरी पण जातात, तर ते मचाणाखाली येतं. वरची बाई त्याला नदीतला एक गोटा देते. म्हणते, ‘हा फेकायचा न्हाई. खिशात ठेव. आपुन कुठल्या बांधावर हुबं हाय, ते इसरायला लागलं की हात लाव.’ आमच्या गावचे गोटे कुठल्या कुठल्या बर्फात जाऊन परत आलेत. काही गोटे एकटेच परत आले. ते उंबरांच्या बुडाशी ठेवलेले आहेत, त्यांना आम्ही रोज पाणी घालतो. तिथं मी थट्टा करत नाही.

पण सगळ्यांत मोठी मजा हंगामाच्या पहिल्या दिवशी. त्या दिवशी मचाणावर गावातली एक बाई चढते. ती कुणाची लेक असो, सून असो, त्या दिवशी ती वहिनी. आणि शिडी धरायचा मान आमच्या ढोबळ्यांच्या घराला. कठड्याची शिडी, तशीच करून घेतो. बाई वर गेली की आमच्यातल्या एकानं बांधाबाहेर उभं राहायचं, आणि सटवाजीसारखं विचारायचं, ‘वैनी, अजून किती राखण करायची?’ वरच्या वहिनीनं मनाला येईल ते उत्तर द्यायचं. कितीही झणझणीत असो, खालच्यानं उलटून बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं आणि खीर वाढायला जायचं. असा नेम आहे, आणि तो सटवाजीनंच घालून दिला, असं म्हणतात.

यंदा पाळी माझी होती. मचाणावर चढली होती आमची हौसावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, केस पांढरे पण आवाज हलगीसारखा. तिचं शेत आणि माझं शेत शेजारी शेजारी, एवढंच सांगतो. सगळं गाव जमलं होतं. हलग्या वाजत होत्या, पोरं उंबरावर चढली होती, सरपंच आरसा नवा बसवून आले होते आणि माझ्यापासून लांब उभे होते. मी फेटा बांधला होता. म्हटलं, यंदा असा सवाल टाकतो की वहिनी वर बसून विचारच करत राहील. मी पुढं झालो, गळा साफ केला आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं विचारलं,

‘काय वैनी! पेंढारी गेले, सरदार गेले, हत्ती पण गेले. भोरड्यांना तर तुमी बोलावून खायला घालताय. मग आता ही राखण करताय तरी कुणापासनं?’

हलग्या थांबल्या. हौसावहिनीनं कमरेची गोफण सोडली, पदर खोचला, खाली वाकून माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली,

‘भावजी, बांधाच्या आत आलेला तुमचा तो डावा पाय आधी मागं घ्या, मग सांगते.’